गारठा आणि पायाची बोटे



वैशाखाच्या तोंडावर, पंख्याखाली बसूनही घाम पुसणाऱ्या श्रोत्यांपुढे थंडीने सुजणाऱ्या बोटांविषयी बोलावयास उभे राहणे हा थोडा चक्रमपणाच आहे, हे आम्हांस कळते. परंतु त्याला कारण आहे. या दुखण्याचे जे खरे उपाय आहेत ते गारठा पडण्याआधी करायचे असतात, आणि पौषात हे व्याख्यान ठेवले असते तर आमचे निम्मे श्रोते शेकोटी सोडून आले नसते. दुसरे असे की, याच महिन्यात पुण्यातली कितीतरी कुटुंबे केदारनाथला, मनालीला, काश्मिरला निघतात. इथे अंगाची लाही होत असता तिथे पायाची बोटे गोठतील ही कल्पना सामान बांधताना मनात येत नाही. स्वेटर घेतले जातात, मोज्यांचा मात्र एकच जोड असतो, आणि तोही सुती.

ज्या विकाराला इंग्रजीत चिलब्लेन म्हणतात त्याला मराठीत घरगुती नाव नाही. यावरून एक गोष्ट कळते. ज्या दुखण्याने आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सतावले त्यांची नावे आपल्याजवळ भरपूर आहेत. टाचांना भेगा पडतात, त्यांना जळवात म्हणतात. ओठ आणि गाल उलतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कुरूप होते, भोवरी होते. हे सारे शब्द शेतात, चिखलात, अनवाणी चालून कमावलेले आहेत. चिलब्लेनला शब्द नाही, कारण तो पाहुणा आमच्या घरी फारसा उतरलाच नाही. काश्मिरात मात्र त्याला ‘शुह’ असे छोटेसे नाव आहे. तिथे तो दर हिवाळ्यास येतो. आजच्यापुरते आपण त्याला ‘गारठ्याची सूज’ म्हणू.

आता कोणी म्हणेल, पुण्यात काय थंडी कमी पडते? मुळीच नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले आणि त्या इमारतीला पुणेकर ‘शिमला ऑफिस’ म्हणू लागले. पुढे मुख्य ठाणे दिल्लीस गेले, पण नाव राहिले. शिमल्याची थंडी मात्र त्या बाडबिस्तऱ्यातून इकडे आली नाही. पुण्याची थंडी कोरडी असते, आणि तिची मुदत रात्रीपुरती असते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, गार झालेली हवा जड होऊन सखल भागाकडे ओघळते आणि नदीकाठी साचते. संगमापासून बंडगार्डनकडे आणि तिथून पुढे येरवड्याच्या काठाने वाहणारी मुळा-मुठा ज्यांच्या दाराजवळून जाते, त्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. फिट्झजेराल्ड पुलावरून पहाटे जो सायकलने गेला असेल त्याच्या कानांनाही ती ठाऊक आहे. परंतु सूर्य वर आला की दोन प्रहरी तोच पारा अठ्ठावीस-तीस अंशांवर जातो. रात्रभर आखडलेल्या बोटांना दिवसभर सुट्टी मिळते. लंडनच्या हिवाळ्यात ती मिळत नाही. तिथे पाणी गोठतेच असे नाही. पाच-सात अंशांचा ओला गारठा आठवडेच्या आठवडे हलत नाही, आणि गारठ्याच्या सुजेला नेमके हेच मानवते. तिला बर्फ लागत नाही. ओल, गारवा आणि चिकाटी एवढे पुरे. घराघरांत कृत्रिम उष्णता खेळविण्याची सोय होण्यापूर्वी इंग्लंडातील शाळकरी मुलांच्या हातापायांची बोटे दर हिवाळ्यात सुजत, ती यामुळेच.

हे होते कसे, ते पाहू. थंडी लागली की शरीर काटकसरीवर येते. हृदय, यकृत, मेंदू यांची ऊब टिकावी म्हणून हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. घरात धान्य कमी पडले की पहिली कात्री पाहुण्यांच्या पंगतीला लागते, तसेच हे. पण शरीर अगदी निर्दय नाही. लंडनच्या सर टॉमस लुइस यांनी १९३० साली दाखवून दिले की, बोट बर्फाच्या पाण्यात धरले तर काही मिनिटे रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, मग थोड्या वेळाने आपोआप उघडून बोटाला रक्ताचा एक घोट देतात, पुन्हा आवळतात, पुन्हा उघडतात. ज्यांच्या अंगात हा खेळ नीट चालतो त्यांची बोटे वाचतात. ज्यांच्यात तो मंद असतो, त्यांच्या त्वचेखालच्या वाहिन्या थंडीत आवळलेल्याच राहतात. मग मनुष्य घरात येतो, गारठलेले पाय थेट शेगडीवर धरतो किंवा कढत पाण्यात बुडवतो. एकदम उघडलेल्या वाहिन्यांतून रक्तातला द्रव भोवतालच्या मांसात झिरपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बोटांवर, टाचेच्या कडेला, कधी कानाच्या पाळीवर वा नाकाच्या शेंड्यावर सुजलेले डाग उठतात. ते खाजतात, जळजळतात, आणि रात्री पांघरुणाची ऊब लागली की अधिकच खाजतात. बहुधा दोनतीन आठवड्यांत ते आपोआप विरतात. खाजवून कातडी फोडली तर मात्र तिथे जखम होते, आणि मग जंतूंचे राज्य.

इथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. पुस्तकांतून या डागांचा रंग ‘लाल’ असा दिलेला असतो. ती पुस्तके गोऱ्या कातडीच्या लोकांनी गोऱ्या कातडीविषयी लिहिली. आपल्या सावळ्या पायावर तो लालपणा दिसत नाही. डाग जांभळट, काळपट वा नुसता गडद तपकिरी दिसतो. म्हणून आपल्याकडे रंगावर न जाता सूज, खाज आणि स्पर्शाला लागणारी कळ यांवरून पारख करावी.

बायकांना, सडपातळ माणसांना आणि तंबाखूचे व्यसन असणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. तंबाखू म्हणजे नुसती विडी नव्हे. मशेरी, गुटखा, चुना मळून ओठात धरलेली चिमूट, या सर्वांतले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. ‘थंडी वाजते म्हणून एक झुरका’ ही समजूत म्हणून अगदी उलटी आहे. त्या झुरक्याने हातापायांचे उरलेसुरले रक्तही अडते. दारूचे त्याहून फसवे. तिने कातडीला ऊब आल्यासारखी वाटते, पण ती पोटातली ऊब बाहेर उधळलेली असते.

आता एक पुण्याची गोष्ट. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागल्या. तिथल्या कडाक्याच्या थंडीत नऊवारी लुगडे त्यांना पुरेना, कारण आपल्या पद्धतीच्या नेसण्यात पोटऱ्या आणि घोटे उघडे राहतात. तेव्हा धर्म न सोडता अंग कसे झाकावे याचा विचार करून त्यांनी नेसणे बदलले आणि गुजराती वळणाचे लुगडे नेसावयास आरंभ केला. इकडे त्यावर टीका झाली ती झालीच. त्यांच्या राहत्या खोलीतली चूल धूर ओकणारी होती. धूर सोसा किंवा गारठा सोसा, एवढीच निवड होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, पुण्यातच त्या क्षयाने वारल्या. थंडीने क्षय होत नाही. तो जंतूने होतो, हे कॉखने १८८२ सालीच जाहीर केले होते. थंडीने त्यांचा बळी घेतला असे म्हणणे म्हणूनच चूक होईल. परंतु त्या नेसण्याच्या फेरबदलात वैद्यकाचे एक तत्त्व अचूक सापडते. पायाच्या बोटांची ऊब बोटांवर ठरत नाही. घोटा, पोटरी, मांडी, कंबर, डोके या साऱ्यांवर ती ठरते. वरचे अंग उघडे ठेवून पायांत दोन मोजे चढवणाऱ्याचे पाय गारच राहतात. पुणेकराच्या कानटोपीची आणि मफलरची बाहेरगावचे लोक थट्टा करतात. शास्त्राच्या दृष्टीने कानटोपी हा पायमोज्यांचा थोरला भाऊ आहे.

नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचे ठाणे आहे. १९१४ साली याच पलटणीच्या, तेव्हा तिला तिसरी सॅपर्स अँड मायनर्स म्हणत, दोन कंपन्या, विसावी आणि एकविसावी, फ्रान्समध्ये होत्या आणि २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेलच्या लढाईत उतरल्या. हिंदी फौज तिथे पोचली तेव्हा तिच्या अंगावर उष्ण देशाचे सुती कपडे होते. त्या हिवाळ्यात खंदकांत गुडघाभर गार पाण्यात तासन्‌तास उभे राहून हजारो शिपायांचे पाय सुजले, बधिर झाले, काहींचे सडले. याला खंदकपाय म्हणावे. गारठ्याच्या सुजेचा हा दांडगा चुलतभाऊ. इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी त्यावर जे उपाय काढले ते औषधी नव्हते. रोज कोरडे मोजे, पायांना देवमाशाचे तेल, आणि शिपायांनी आपापसांत एकमेकांचे पाय तपासणे, हे ते उपाय. स्वतःचा बधिर पाय स्वतःला फसवतो. दुसऱ्याचा डोळा फसत नाही. १९६२ साली नेफा आणि लडाखच्या उंचीवर आपले जवान पुन्हा सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत धाडले गेले, आणि शत्रूबरोबर हिमदंशानेही आपली माणसे पांगळी केली. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा कागदावर होता, कोठारात नव्हता. १९८४ पासून सियाचीनवर फौज आहे. तिच्या पायातल्या बुटांना आणि मोज्यांना आज शस्त्राइतके मोल आहे, हे तेव्हाच्या पायांनी मोजलेल्या किमतीमुळेच.

हिमदंश आणि गारठ्याची सूज यांत गल्लत करू नये, कारण दोघांचे उपाय एक नाहीत. सुजेत मांस गोठत नाही. हिमदंशात प्रत्यक्ष गोठते, बोट पांढुरके, मेणासारखे, टणक आणि बधिर होते. नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याने १८१२ च्या रशियातील माघारीत पाहिले की गोठलेले पाय आगीवर धरणाऱ्यांचे पाय सडतात. निरीक्षण बरोबर होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की गोठलेल्या अंगाला बर्फानेच चोळावे. हा निष्कर्ष चुकीचा, परंतु तो शंभरावर वर्षे टिकला. थोराच्या चुकीला आयुष्य मोठे असते. आज नियम असा की, चोळणे अजिबात नाही. पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा ठिकाणी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे अंगाच्या उबेएवढ्या पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि तडक रुग्णालय गाठावे. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तिथे यात्रेच्या दिवसांतही अवचित बर्फ पडतो. अशा ठिकाणी निघणाऱ्याने एवढे पाठ करून जावे.

गारठ्याच्या सुजेला मात्र घाई नको. ओले मोजे काढावेत, पाय टिपून कोरडे करावेत, सैल लोकरी मोजे घालून पांघरुणात घ्यावेत आणि बोटांना सवडीने ऊब येऊ द्यावी. चोळू नये, शेकू नये. खाजेसाठी साधे कॅलामाइन लावावे. खोबरेल, तिळाचे तेल किंवा कोकणातले कोकमाचे तेल चोपडल्याने सूज जात नाही. पण कातडी उलत नाही, भेग पडत नाही, आणि खाजवण्याची इच्छा थोडी कमी होते. तेवढ्यासाठी ते उत्तम. औषधांविषयी विचाराल तर पुरावा वाटतो त्यापेक्षा तोकडा आहे. रक्तदाबावरचे निफेडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. १९८९ सालच्या एका इंग्रजी प्रयोगात त्याचा चांगला गुण आला, पण २०१६ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या प्रयोगात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तिथेच ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, त्याचाही उपयोग दिसला नाही. वारंवार होणाऱ्या हट्टी दुखण्यात डॉक्टर निफेडिपिन देतात ते ठीक. कोणी आपल्या मनाने ते घेऊ नये, रक्तदाब उतरून चक्कर येते.

शेकण्याविषयी आम्ही एवढे कडक का बोलतो? काश्मिरचेच उदाहरण घ्या. तिथे फेरणीच्या आत, पोटाशी, निखाऱ्यांची कांगडी धरून लोक हिवाळा काढतात. श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील नेव्ह बंधूंनी आणि त्यांच्याही आधीच्या डॉक्टरांनी पाहिले की, पोट आणि मांड्या जिथे वर्षानुवर्षे भाजत राहतात तिथेच कातडीचा कर्करोग होतो. वैद्यकात त्याला कांगडीचा कर्करोग असेच नाव आहे. आपल्याकडे कांगडी नाही, पण शेगडी आहे, आणि गरम पाण्याची पिशवी आहे. मधुमेह अनेक वर्षांचा झाला की पायांची संवेदना हळूहळू जाते. ज्याला पाय गार वाटतात त्या आजोबांना पिशवी कढत आहे हे वाटत नाही. रात्री पायाशी पिशवी, सकाळी टाचेवर पाण्याने भरलेला फोड, महिन्याने जखम, आणि पुढे कधी बोट तर कधी पाऊल कापावे लागते. थंडी तिथे निमित्तालाच होती. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांचीही हीच कथा. अशा माणसाने पाण्याची परीक्षा आपल्या पायाने कधीच करू नये. घरातल्या दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे. आणि खोली बंद करून कोळशाची शेगडी आत ठेवणे तर सर्वांनाच वर्ज्य. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला मनुष्य उठत नाही.

बोट काळेनिळे झाले की ‘थंडीने झाले’ म्हणून सोडून देणे ही दुसरी घातक सवय. महाराष्ट्रात हा प्रश्न गारठ्याच्या सुजेपेक्षा किती तरी मोठा आहे. विडी ओढणाऱ्या, तिशी-चाळिशीच्या कष्टकरी माणसाच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात. १९०८ साली ब्युर्गरने वर्णन केला म्हणून त्या रोगाला त्याचे नाव आहे. चालताना पोटरीत वा तळव्यात गोळे येतात, थांबले की राहतात. मग रात्री पाय ठणकतो आणि खाटेवरून खाली लोंबकळत सोडला की थोडे बरे वाटते. शेवटी बोट काळे पडते. थंडीत हे वाढते, म्हणून थंडीला दोष मिळतो आणि विडी सुटून जाते. विडी पुरती सोडली तर पाय बहुधा वाचतो; ती चालू राहिली तर कोणतेही औषध पुरे पडत नाही. तेव्हा खूण लक्षात ठेवावी. गारठ्याची सूज बहुधा दोन्ही पायांना येते आणि तीन आठवड्यांत जाते. एकाच पायाला झाले, काळे पडले, रात्री ठणकले, जखम भरेना, किंवा भर उन्हाळ्यात झाले, तर वाट पाहू नये. तरुण मुलीला दर हिवाळ्यात डाग येतात, सोबत सांधे दुखतात, केस गळतात, उन्हात चेहऱ्यावर पुरळ उठतो, तर रक्त तपासून घ्यावे. ल्यूपस नावाचा रोग कधी याच दाराने आत येतो. २०२० च्या वसंतात कोविडच्या साथीबरोबर युरोपात मुलांच्या पायाच्या बोटांवर हुबेहूब असेच डाग दिसू लागले तेव्हा जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा या जुन्या, दुर्लक्षित दुखण्याची पाने उलटू लागले होते.

आता आपल्या वस्तीपुरते. कल्याणीनगरच्या उंच इमारतींच्या फाटकांशी रात्रभर बसणारा पहारेकरी, पहाटे रस्ता झाडणाऱ्या बायका, नदीकाठच्या गारठ्यात भाजीची पोती उतरवणारा मनुष्य, यांचे पाय रबरी चपलेत असतात आणि खाली सिमेंट असते. सिमेंट आणि शहाबादी फरशी पायातली ऊब भसाभसा ओढून घेते. फळकूट, दुहेरी पोते, जुन्या गोधडीचा तुकडा, काहीही मध्ये असले तरी फरक पडतो. पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली एक लाकडी फळी टाकणे हे त्या इमारतीच्या रंगरंगोटीच्या खर्चात दिसणारही नाही. त्याने अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार फेऱ्या माराव्यात आणि टाचा उचलून खाली टेकवाव्यात. पोटऱ्यांचे स्नायू हलले की रक्त हलते. शेकोटी करायचीच तर लाकडाची करावी, टायर आणि प्लॅस्टिक जाळू नये, आणि पाय थेट ज्वाळेपुढे न धरता पाठ शेकावी. झाडणाऱ्या बायकांना बंद बूट मिळतात तेव्हा ते बहुधा एकाच मापाचे येतात. घट्ट बूट हा अनवाणी पायापेक्षा वाईट. बोटे आत हलली पाहिजेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो, आणि ज्या जाडीचे मोजे घालायचे तेच मोजे पायांत घालून तो पाहावा.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी शेवटचे एकच. प्रत्येकी लोकरीचे तीन जोड न्यावेत. एक पायांत, एक वाळत, आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा, जो काही झाले तरी दिवसा काढायचा नाही. तो रात्री झोपतानाचा. लहान मुलांचे मोजे दुपारच्या मुक्कामात काढून बोटे पाहावीत, कारण बर्फात खेळणारे मूल पाय दुखतो असे सांगत नाही. उशीर झाला आहे. कोणाला काही विचारायचे असल्यास अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने आम्ही इथे खाली बसून उत्तरे देऊ.